मधली पिढी गटातच आहे, फक्त पटावर नाही

नागपुरातल्या एका वस्तीच्या वाचनालयात वर्षानुवर्षं बुद्धिबळ मंडळ चालतं. करोनाच्या काळात त्यांनी ऑनलाइन गट काढला. खेळायला बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर टीम, बोलायला व्हॉट्सॲप. आज सव्वाशेच्या आसपास नावं आहेत. मंडळाचे एक निवृत्त सदस्य विचारतात: "अर्धी शाळकरी मुलं आणि उरलेले आम्ही साठीच्या पुढचे. पंचवीस ते पंचेचाळीसमधलं कोणीच नाही. आमची माणसं मुलांकडून हरतात आणि हळूहळू दिसेनाशी होतात. वयाप्रमाणे दोन गट करावेत का? आणि वयांचं योग्य प्रमाण किती असावं?"

दोन गट करू नका. मी बावीस वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवते आहे आणि करोनापासून तुमच्यासारखाच ऑनलाइन गट सांभाळते आहे. हा प्रयोग मी एकदा करून बसले आहे. मोठ्यांचा वेगळा गट चार महिन्यांत थंडावला. भांडण झालं नाही, कोणी रागावूनही गेलं नाही. संध्याकाळी डाव लावायला समोर कोणी मिळेना, एवढंच झालं. आज दोघं आले, उद्या एकच आला, परवा त्यानंही पाहिलं नाही. मुलांचा गट चालू राहिला, पण तिथं दुसरंच बिघडलं. हरायला आलेला डाव अर्ध्यात टाकून पळणं, हरलेल्याला चिडवणं, जिंकल्यावर दहा-दहा इमोजी टाकणं. एरवी हे होत नसे, कारण समोर बहुतेक वेळा कोणाचे तरी आजोबा असायचे. दोन्ही गट पुन्हा एकत्र केले तेव्हा मोठ्यांपैकी निम्मेच परत आले. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी तुमच्या मोजणीविषयी. सव्वाशे नावांचं वय तुम्ही कशावरून ठरवलं? व्हॉट्सॲपवरच्या नावावरून आणि फोटोवरून, असं मी धरून चालते. तिथंच चूक होते. भारतात व्हॉट्सॲपच्या अटींनुसार खातं काढायला किमान १३ वर्षं वय लागतं. म्हणजे तुमच्या गटातली नऊ-दहा वर्षांची मुलं स्वतःच्या खात्यानं गटात नाहीत. ती आईच्या नाहीतर वडिलांच्या फोनवर आहेत. अमुकची आई, तमुकचे बाबा अशी जी नावं दिसतात, ती तुम्ही मुलं म्हणून मोजलीत. खेळाच्या संकेतस्थळावर उलटं होतं. आजोबांचं खातं नातवानं काढून दिलेलं असतं, जन्मवर्ष त्यानं मनाला येईल ते टाकलेलं असतं, आणि दुपारी आजोबा खेळतात तर रात्री त्याच खात्यावर नातू. माझ्या गटातलं असं एक खातं सकाळी जपून खेळायचं आणि रात्री वजीर फुकट द्यायचं. मला कोडं पडलं होतं. एका खात्यात दोन माणसं आहेत, हे फोन केल्यावर कळलं.

तेव्हा मोजायची तर माणसं मोजा. यादी घ्या आणि प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा: या फोनवर कोण खेळतं, कोण नुसतं वाचतं, आणि दोघं असतील तर कोणत्या वेळी कोण असतं. गटात मतदान टाकून ही माहिती मिळत नाही. मतदानाला ज्यांच्याकडे वेळ आहे तेच उत्तर देतात, म्हणजे निवृत्त लोक. मुलं फोन हातात आला की थेट डाव लावतात, संदेश वाचत नाहीत. मतदानावरून वयाचा अंदाज काढला तर तुमचा गट आहे त्याहून म्हातारा दिसेल. दोघा-तिघांनी नावं वाटून घ्या आणि फोन करा. सव्वाशे फोन तिघांत आठवडाभराचं काम आहे.

ही मोजणी झाली की तुमच्या लक्षात येईल की ज्यांना तुम्ही शोधता आहात ते तीस-पस्तीस जण आधीच गटात आहेत. मुलाच्या शेजारी बसून त्याचा डाव पाहताहेत, मोबाइल चार्जिंगला लावताहेत, "आज स्पर्धा किती वाजता?" एवढंच विचारताहेत. त्यांना आजवर कोणी खेळायला बोलावलेलं नाही. त्यांच्याकडे मी पुन्हा येते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहेत. पण त्याआधी तुमचे साठीच्या पुढचे लोक का गळतात ते पाहू, नाहीतर नवीन आणलेली माणसंही त्याच वाटेनं जातील.

ते हरतात म्हणून जातात असं तुम्ही लिहिलं आहे. मला तसं वाटत नाही. बुद्धिबळाच्या पटावर आयुष्य घालवलेला माणूस हरण्याला घाबरत नाही. जिंकलेला डाव घड्याळावर गमावणं मात्र त्याला सहन होत नाही. तुमच्या गटात रोज संध्याकाळी कोणता डाव लागतो? बहुतेक तीन मिनिटांचा, वर एकही सेकंद न मिळणारा. तीन मिनिटांत साठ चाली करायच्या तर एका चालीला तीन सेकंद येतात. अकरा वर्षांचं पोर त्या तीन सेकंदांत समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली पुढची चाल लावून ठेवतं. तुमच्या सदस्याला चाल सुचलेली असते, पण बोट बारीक पडद्यावर उंटाऐवजी शेजारच्या प्याद्यावर पडतं. माझ्या गटातले एक गृहस्थ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हत्ती जास्तीचा असताना सलग चार दिवस वेळेवर हरले. पाचव्या दिवशी त्यांच्याशी खेळणाऱ्या मुलीनंच मला फोन केला: "मॅडम, काका चांगले खेळून राहिले, पण त्यांचं घड्याळच संपून जाते. दहा मिनिटांचा लावू का?" ती तेव्हा सातवीत होती. दहा मिनिटं आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद वाढीव, असा डाव आम्ही लावला. साठ चालींचा डाव झाला तर त्या वाढीव सेकंदांचीच पाच मिनिटं होतात, आणि मुख्य म्हणजे जिंकलेला डाव शेवटी नुसत्या बोटांच्या वेगावर जात नाही. काका आजही खेळतात.

गटातल्या वयांचं मिश्रण घड्याळ ठरवतं, हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण ते पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. एक-दोन मिनिटांचे बुलेट डाव ठेवलेत तर दोन महिन्यांत गट पंधराच्या खालच्यांचा होईल. एका चालीला दोन दिवस असा संथ डाव ठेवलात तर पूर्वी पोस्टकार्डावर चाली लिहून खेळणारी पिढी परत येईल, पण मुलं कंटाळतील. रोज दहा अधिक पाच, आठवड्यातून एकदा मुलांच्या हौसेसाठी ब्लिट्झ म्हणजे तीन-पाच मिनिटांचे झटपट डाव, आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी कायम चालू असलेले संथ डाव, ही विभागणी माझ्याकडे टिकली आहे.

स्पर्धेचा प्रकारही तपासा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर टीमसाठी स्पर्धा लावताना अरिना आणि स्विस असे दोन पर्याय येतात. अरिना लावायला सोपी, म्हणून सगळे तीच लावतात. तिच्यात ठरलेल्या वेळात जितके डाव होतील तितके खेळायचे. विजयाला २ गुण, बरोबरीला १, आणि सलग दोन डाव जिंकले की पुढच्या डावाचे गुण दुप्पट. आता तासाभराची अरिना घ्या, दहा मिनिटांच्या घड्याळाची. आजोबा विचार करून खेळतात, त्यांचा एक डाव वीस मिनिटं चालतो, तासात तीन डाव होतात. तिन्ही जिंकले तर २, २ आणि ४ असे ८ गुण. मुलाचा डाव सहा मिनिटांत आटोपतो, तासात दहा होतात. तो एक जिंकतो, एक हरतो, असं करत पाच जिंकला तरी १० गुण. एकही डाव न हरलेला माणूस निम्मे डाव हरलेल्याच्या खाली लागतो. तुमचे सदस्य तो तक्ता पाहतात आणि आपण आता कामाचे राहिलो नाही असं समजतात. स्विस पद्धतीत ठरावीक फेऱ्या असतात आणि सगळ्यांना सारखेच डाव मिळतात. चार फेऱ्या, दहा अधिक पाच, दोन तासांत उरकतं. पटकन खेळणाऱ्या मुलांना फेऱ्यांमध्ये थांबावं लागतं, ती कुरकुरतात. त्यांना त्या वेळात संपलेला डाव समोरच्यासोबत पुन्हा पाहायला सांगा. खरं शिक्षण तिथंच होतं.

रेटिंगबद्दल, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याबद्दलही एक गैरसमज काढून टाका. नवीन खातं लिचेसवर १५०० वर सुरू होतं आणि पहिल्या काही डावांत आकडा फार जोरात वरखाली होतो, कारण त्या माणसाचा अंदाज व्यवस्थेला अजून आलेला नसतो. आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं ते त्यासाठीच. पहिल्याच दिवशी पाच डाव हरून अकराशेवर आलेल्या माणसाला हे कोणीतरी फोन करून सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या म्हणजे फिडेच्या रेटिंगमध्येही वयाचा हिशेब आहे. १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूसाठी गुणक, म्हणजे एका डावानं आकडा किती हलतो ते ठरवणारी संख्या, ४० असतो आणि बहुतेक मोठ्यांसाठी २०. मूल झपाट्यानं सुधारतं, त्याचा आकडा मागून धावत असतो, आणि तोवर त्याच्याशी खेळणारा मोठा माणूस कागदावर आपल्यापेक्षा कच्च्याकडून हरत राहतो. खालच्या थरातले आकडे असे घसरत गेले, म्हणून फिडेनं १ मार्च २०२४ पासून २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकदाच वर उचलले आणि तळ १४०० केला. तुमच्या सदस्यांना वाटतं ते आपल्याच म्हातारपणाचं दुखणं आहे. ते जगभरातल्या बुद्धिबळाचं आहे.

आणि वयाचा उतार वाटतो तितका कडेलोटासारखाही नाही. १८९० ते २०१४ या काळातल्या मोठ्या स्पर्धांमधले २४ हजारांहून अधिक डाव संगणकाकडून तपासून केलेलं एक संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. चालींचा दर्जा विशीपर्यंत भराभर वाढतो, पस्तिशीच्या आसपास कळस गाठतो आणि पंचेचाळिशीनंतर सावकाश उतरतो, असं त्यात दिसलं. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. व्हिक्टर कोर्चनॉय २०११ मध्ये ८० व्या वर्षी स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेता झाला होता. आपल्या गावाचंच पाहायचं तर जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख १९ वर्षांची होती आणि कोनेरू हम्पी ३८ वर्षांची, बरोबर दुप्पट. संथ घड्याळावरचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. दिव्या जिंकली, पण त्याआधी जलद प्रकारात दोनदा जगज्जेती झालेली होती ती हम्पी. वय जास्त म्हणून वेग कमी असं सरधोपट धरता येत नाही. फरक पडतो तो साठीच्या पुढे, आणि तिथंही मेंदूपेक्षा आधी डोळा आणि बोट दगा देतात. म्हणून दोन साध्या गोष्टी करा: सदस्यांच्या घरी जाऊन पट मोठा दिसेल अशी सोय करून द्या, जमल्यास टॅबलेटवर, आणि चाल पक्की करण्याची सेटिंग चालू करून द्या, म्हणजे चुकून लागलेलं बोट लगेच चाल ठरत नाही. हे काम मुलांना द्या. ती पाच मिनिटांत करतात आणि त्या निमित्तानं ओळख होते.

ओळखीची गोष्ट निघाली म्हणून सांगते. नागपूरच्या महाल भागातल्या एका आजोबांनी मला रागानं संदेश पाठवला होता की संकेतस्थळ फसवतं. त्यांचं प्यादं दोन घरं पुढं गेलं आणि समोरच्यानं शेजारचं आपलं प्यादं तिरपं त्याच्या मागच्या घरात सरकवून ते खाल्लं. असं कुठं असतं का? ते लहानपणापासून देशी नियमांनी खेळलेले. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जातं, किल्लेकोट (कॅसलिंग) नसतो, राजाला आयुष्यात एकदा घोड्याची चाल मिळते आणि प्यादं ज्या घरी पोचेल त्या घरचंच मोहरं बनतं. एका पाचवीतल्या मुलानं त्यांना नवा नियम समजावला. मग आजोबांनी त्याला देशी नियम शिकवले, आणि आता तो मुलगा सुटीत घरी लाकडी पट मांडून देशी खेळतो. मोठ्यांच्या वेगळ्या गटात त्यांना हा नियम सांगायला कोणी नव्हतं, कारण तिथल्या निम्म्यांना तो माहीतच नव्हता.

आता प्रमाणाविषयी. चाळीस टक्के मुलं, तीस टक्के मोठे असं आदर्श प्रमाण नसतं, आणि सरासरी वय काढून तर काहीच कळत नाही. दहा वर्षांची दहा मुलं आणि सत्तरीचे दहा जण यांची सरासरी चाळीस येते आणि चाळिशीचा एकही माणूस गटात नसतो. त्यापेक्षा दुसरी तपासणी करा. प्रत्येक सदस्याच्या रेटिंगपासून दोनशे गुणांच्या आत, तो नेहमी येतो त्या वेळेला, निदान तीन जण सापडतात का? दोनशे गुणांचा फरक असला तर वरचा खेळाडू चार डावांतले साधारण तीन डावांएवढे गुण मिळवतो, म्हणजे खालच्यालाही आशा असते. चारशेचा फरक झाला की अकरातले दहा. तिथं खेळायला मजा नाही, दोघांनाही. ही तपासणी केलीत की मुलं आणि मोठे अशी तुमची फाळणी आपोआप विरघळेल. तेराशेचे आजोबा आणि तेराशेची सहावीतली मुलगी हीच नैसर्गिक जोडी असते. ज्याला आपल्या पातळीचे तीन जण मिळत नाहीत तो माणूस गळणार, मग त्याचं वय काहीही असो. माझ्याकडे सर्वात आधी गळली ती एक अठरा वर्षांची मुलगी होती, कारण ती सगळ्यांच्या वर होती आणि तिच्याशी खेळायला कोणी उरलं नव्हतं.

तिच्यावरून मुलींकडे यावंच लागेल, कारण तुम्ही वयं मोजलीत पण मुली मोजल्या नाहीत. शाळकरी वयात मुली असतात. दिव्यानं विश्वचषक जिंकल्यावर तर वर्गात मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. दहावी आली की त्या जातात. मुलगेही जातात, पण त्यांच्यातले काही बारावीनंतर पुण्याहून, बेंगळुरूहून रात्री अकरा वाजता पुन्हा गटात डोकावतात. मुली डोकावत नाहीत. मी कारण विचारत गेले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. अनोळखी लोक खेळताना खासगी संदेश पाठवतात, आणि घरी ते कळलं की फोनच बंद होतो. म्हणजे मधल्या वयातली जी पोकळी तुम्हाला दिसते, तिचा अर्धा भाग पंधराव्या वर्षीच खणला गेलेला असतो.

त्यासाठी गटातले नियम बोलून नव्हे तर लिहून ठेवा. कोणत्याही मोठ्यानं अठराच्या खालच्या सदस्याला खासगी संदेश पाठवायचा नाही. काय सांगायचं ते सगळ्यांसमोर किंवा पालकांच्या फोनवर. मुलांचे फोटो आणि शाळेचं नाव गटात टाकायचं नाही, बक्षीस मिळालं तरी पालकांना विचारल्याशिवाय नाही. लहान मुलांच्या खात्यावर लिचेसचा बाल-मोड चालू करून द्या. त्यात गप्पा आणि संदेश बंद होतात, खेळ चालू राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकाची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, अशी तरतूद आहे. तेव्हा मी वर सांगितलेली यादी करताना मुलांची माहिती मुलांकडून घेऊ नका, पालकांकडूनच घ्या, आणि ती गटात सर्वांना दिसेल अशी टाकू नका. काही ज्येष्ठांना हे नियम अपमानाचे वाटतील. माझ्याकडे एका फार सज्जन माणसाला वाटले. मी त्यांना एवढंच म्हटलं की हा नियम मलाही लागू आहे, मीही मुलांना थेट लिहीत नाही. ते समजले.

आता त्या तीस-पस्तीस पालकांकडे. त्यांना "तुम्हीही खेळा ना" असं गटात लिहून काही होत नाही. मी दोन वर्षं लिहिलं. आई म्हणते मला काही येत नाही, वडील म्हणतात वेळ नाही. दोन्ही खरं आहे. उपयोग झाला तो जोडीच्या डावाचा. या प्रकारात एका बाजूला दोघं असतात, एक मेंदू आणि एक हात. मेंदू फक्त मोहऱ्याचं नाव सांगतो: घोडा, हत्ती, प्यादं. कुठलं आणि कुठं ते हात ठरवतो आणि चाल करतो. याहून जास्त बोलायचं नाही. फोन स्पीकरवर ठेवून हा डाव घरोघरी खेळता येतो. आजोबा मेंदू आणि नात हात अशी जोडी केली की बोटांच्या वेगाचा प्रश्नच मिटतो. आणि आईला मुलाच्या बाजूला मेंदू म्हणून बसवलं की तिला फक्त सहा मोहऱ्यांची नावं माहीत असली तरी सुरुवात होते.

मानेवाड्याच्या एका बाई तीन वर्षं मुलाला माझ्या वर्गात आणत होत्या. बाहेर गाडीवर बसून राहायच्या, ऑनलाइन झालं तेव्हा खुर्ची ओढून त्याच्या मागं. जोडीच्या डावात त्या मेंदू झाल्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी "वजीर" म्हटलं, आणि मुलगा म्हणाला, "आई, वजीर कुठं? काहीच नाही तिथं." नियमाप्रमाणे त्यांना सांगता येत नव्हतं. त्या नुसत्या थांबून राहिल्या. मुलाला अर्ध्या मिनिटानं दिसलं की वजीर देऊन घोड्यानं मात होते. डाव संपल्यावर त्यांनी मला विचारलं की तीन वर्षांत इतकं पाहून पाहून कळायला लागलं असेल का. कळायला लागलंच होतं. आता त्यांचं स्वतःचं खातं आहे, रात्री दहानंतर खेळतात, संथ डाव दुपारी जेवणाच्या सुटीत. त्यांच्या मागोमाग सहा-सात पालक आले. माझ्या गटातलं पस्तीस-चाळीस वय हे असं आलं, बाहेरून कोणी आणलं नाही.

वेळेचा विचार शेवटी सांगते, पण तो बाजूला ठेवू नका. मुलं संध्याकाळी सात ते साडेआठ येतात, तुमचे सदस्य सकाळी आणि दुपारी, पालक रात्री दहानंतर. एरवी तिघं एकमेकांना भेटतच नाहीत आणि प्रत्येकाला वाटतं गट आपल्याच वयाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे मुलं नसतात, तेव्हा गट ओस पडला म्हणून घाबरू नका आणि कोणतेही मोठे निर्णय घेऊ नका. तिन्ही वयं एकत्र मिळण्याची आपल्याकडची हमखास वेळ म्हणजे उन्हाळा. पारा पंचेचाळिशीकडे गेला की दुपारी बारा ते पाच कोणी घराबाहेर पडत नाही, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडत नाहीत. उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आपल्याला हे काही दिवस जास्तीचे मिळतात. आठवड्याला एक जोडीच्या डावांची दुपार ठेवा, रविवारी, पालकांना सुटी असते तेव्हा. चार वाजता सुरू करून सहाला संपवा. जोड्या तुम्ही लावा, मुलांवर सोडू नका, नाहीतर ती आपापसातच लावून घेतात. घरातल्या घरात एक जोडी, मग दुसऱ्या आठवड्यात एका घरचा मेंदू आणि दुसऱ्या घरचा हात. दुसऱ्या घरच्या मुलासोबत खेळताना मुलाचे पालक त्याच फोनवर ऐकत असले पाहिजेत, हा नियम तिथंही लागू.

आठ आठवड्यांनी, शाळा उघडल्यावर, यादी पुन्हा काढा, पहिल्यासारखीच, फोन करून. पहिल्या यादीत जे नुसते वाचत होते त्यांच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या नावानं निदान पाच डाव खेळले आणि दिसेनासे झालेल्या सदस्यांपैकी किती परत आले, हे दोन आकडे मला कळवा. पहिला आकडा शून्य आला तर जोड्या लावण्यात काय चुकलं ते आपण फोनवर बोलू. दुसरा शून्य आला तर आधी घड्याळ किती मिनिटांचं ठेवलं होतं ते सांगा.